चौकाला धनी नाही

आमच्या घरापासून चौक दोनशे दहा पावलांवर आहे. कोर्टात कोणी विचारेल म्हणून मी ती मोजून ठेवली होती. कोर्टात बाकी नको ते सगळं विचारलं, पावलं कोणी विचारली नाहीत.

चौकात चार रस्ते येतात. एक नंदुरबारकडून, एक साखर कारखान्याकडून, एक बाजारातून आणि चौथा, बोळासारखा, आमच्या गल्लीतून. सिग्नल नाही. गतिरोधक होता, तो डांबर टाकताना गडप झाला. कोपऱ्यावर एक लोखंडी खांब आहे आणि त्यावरचा दिवा त्याच्या मर्जीने लागतो. खांबाला लागून रसवंती, तिची हिरवी जाळी, पलीकडे भाजीच्या हातगाड्या. उसाचे ट्रॅक्टर, पपईचे पिकअप, काळीपिवळी, शाळेच्या रिक्षा हे सगळे ‘आधी मी’ म्हणत एकाच क्षणी तिथे घुसतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरीची चाळीस पोरं माझ्यासमोर खिचडीसाठी एका रांगेत उभी राहतात, पण ह्या गावातल्या मोठ्या माणसांना रांग कोणी शिकवली असेल असं वाटत नाही.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं. तोरणमाळच्या घाटात नवखा माणूस वळण आलं की समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरतो. त्या घाटात ह्यांनी पावसात, धुक्यात गाडी चढवली आणि उतरवली, आणि कुणाला कधी खरचटलं नाही. त्याबद्दल त्यांना छातीवर लावायचा एक बिल्ला मिळाला होता. तो शोकेसमध्ये मधोमध असायचा. दिवाळीला घरातली भांडी मी घासायची, पण बिल्ला मात्र तेच पुसायचे. स्वभावाने माणूस मुका. ते दिवसभरात जेवढं बोलतात तेवढं मी चहा उकळेपर्यंत बोलते.

ते निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाचं कौतुक चारचौघांत झालं पाहिजे. आणि आमच्या गावात कौतुक म्हणजे फ्लेक्स. पोरगा तलाठी झाला, लाव फ्लेक्स. भावी नगरसेवकाचा वाढदिवस, लाव फ्लेक्स. कोणी गेलं तरी हात जोडलेला फ्लेक्स लागतोच. मग तीस वर्षं माणसं सुखरूप घरी पोचवणाऱ्याने काय घोडं मारलं होतं? मी दहा बाय आठचा फ्लेक्स सांगितला. खाकी कपड्यातला फोटो, डोक्यावर कॉम्प्युटरने चढवलेला फेटा, आणि मोठ्या लाल अक्षरांत ‘तीस वर्षे विनाअपघात सेवा’. खाली ‘शुभेच्छुक : समस्त गल्ली मित्रमंडळ’. बायकोने नवऱ्याचा फ्लेक्स लावला असं कळलं असतं तर लोक हसले असते, म्हणून मंडळाचं नाव. मंडळाला त्याचा पत्ताही नव्हता.

ह्यांनी फ्लेक्स पाहिला आणि म्हणाले, “चौकमा नको. आपला घर आंगे लाव.”

“लाजू नका,” मी म्हटलं. “घर आंगे कोन देखी?” घराजवळ, बोळात, तो कोणाला दिसणार होता?

पुढचं ऐकायला मी थांबले नाही, आणि फ्लेक्स चौकात लागला. शाळेत जाता-येता मी रोज मान वळवून बघायची. अंगावर मूठभर मांस चढायचं.

आठवडाही झाला नव्हता. सकाळी हे स्कूटीवरून दूध आणायला निघाले. मी शाळेचा डबा भरत होते, तेवढ्यात चौकातून आरडाओरडा ऐकू आला आणि रसवंतीवाला धावत आला. मी गेले तेव्हा कारखान्याकडून आलेला पपईचा पिकअप रस्त्यात आडवा उभा होता आणि हे गटाराच्या कडेला बसले होते, डावा पाय नको त्या दिशेला वळलेला. अर्धी गर्दी ह्यांना उचलत होती आणि अर्धी पपया उचलत होती. पिकअपचा ड्रायव्हर पळून गेला नाही, एवढं त्याच्या बाजूने बोललं पाहिजे. तो एकच म्हणत होता, “बाई, काका माले दिखनाच नही.”

पाय दोन ठिकाणी मोडला होता. आत सळई बसली. पण मला जो घाव बसला तो पंचनाम्याचा. त्यात लिहिलं होतं की दुचाकीस्वाराने स्वतःच्या हयगयीने, येणाऱ्या वाहनाकडे न पाहता दुचाकी पुढे घातली. हयगय! हे वाचून मी दवाखान्यातच कडाडले. पोलिसांनी शांतपणे ह्यांचा जबाब दाखवला. ह्यांनीच पडल्या पडल्या सांगितलं होतं, चूक माझीच. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलले असतील. शुद्धीवर आल्यावर बदला म्हटलं, तर ते तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कुबडी टेकत शोकेसपाशी गेले आणि बिल्ला काढून कपाटाच्या खणात, जुन्या लाइट बिलांच्या खाली ठेवून दिला. मग ओट्यावर बसायला लागले. येणारा-जाणारा विचारपूस करायचा आणि दहा पावलांवर जाऊन दुसऱ्याला सांगायचा की बघ, तीस वर्षं घाट चढला आणि गल्लीच्या तोंडाशी पडला. दहा पावलांवरचं बोलणं ओट्यावर ऐकू येतं, हे आमच्या गल्लीतल्या लोकांना अजून समजलेलं नाही.

तेव्हा मी ठरवलं. मला पैसे नको होते. ती हयगय ज्याची होती त्याच्या नावावर लिहिली जावी, एवढंच हवं होतं. चौक आंधळा ठेवायचा, दिवा बंद ठेवायचा, गतिरोधक गिळायचा, आणि पडला की पडणाऱ्यालाच हयगय म्हणायचं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

नगरपालिकेत गेले. तिथल्या अभियंत्याने नकाशा उलगडला, गुंडाळला आणि म्हणाला, “मॅडम, हा रस्ता बांधकाम खात्याचा.” बांधकाम खात्याने सांगितलं, रस्ता आमचा, पण चौक गावाच्या हद्दीत आहे, तो नगरपालिकेचा. परत नगरपालिकेत गेले तर अभियंता म्हणाला, चौक म्हणजे तरी काय, रस्तेच ना? खांबाचं विचारलं तर म्हणे वीजवाल्यांना विचारा. वीजवाले म्हणाले, आम्ही वीज देतो, खांब देत नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे मी शाळेत शिकवत आले, पण सहा महिने थांबून निदान काम होतं अशी माझी समजूत होती. प्रत्येक अर्जावर मी शिक्का मारून पोच घेतली. आवक-जावकवाला बाबू मला लांबून बघितलं की शिक्का ड्रॉवरमध्ये टाकायचा.

त्या प्रत्येक अर्जात मी रसवंतीच्या हिरव्या जाळीचं नाव घेतलं. तिच्यामुळे कोपरा झाकतो, असं ठासून लिहिलं. नगरपालिकेने माझ्या इतर कुठल्याच वाक्यावर काही केलं नाही, पण त्या वाक्यावर मात्र तत्परतेने रसवंतीवाल्याला बोलावून दम दिला. तरी तो माणूस रोज दुपारी ह्यांच्यासाठी आलं-लिंबू घातलेला रस पाठवत राहिला. मला वाटायचं, त्याचं मन त्याला खात असणार, म्हणून पाठवतो.

शेवटी वकील गाठले. आमचे वकील वयस्कर, सावकाश बोलणारे. ते म्हणाले, “बाई, रस्त्याचा कोपरा मोकळा ठेवणं हे ज्याच्या ताब्यात चौक आहे त्याचं कर्तव्य. ताबा सिद्ध करा आणि कोपरा झाकला होता हे सिद्ध करा. बाकी माझ्यावर सोडा.” आधी नोटीस गेली, मग दावा.

नगरपालिकेचं उत्तर आलं ते मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात म्हटलं होतं, सदर चौक आमच्या ताब्यात नाही. ताब्यात आहे असं धरलं तरी तो धोकादायक नाही. धोकादायक आहे असं धरलं तरी अपघात त्यामुळे झाला नाही. मला माझा एक विद्यार्थी आठवला. गृहपाठ दिलाच नव्हता म्हणाला, मग म्हणाला केला होता पण वही घरी राहिली, आणि शेवटी, वही आणली होती पण बकरीने खाल्ली. त्याला मी अंगठे धरून उभं केलं होतं. इथे तसं करता येत नव्हतं. किरकोळ रजा टाकायची, कोर्टाच्या बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं, एवढंच हातात होतं.

अशीच एक तारीख. नगरपालिकेच्या वकिलाने पोलिसांच्या कागदांतून एक फोटो आणला होता, अपघाताच्या सकाळचा. त्याची प्रत आमच्या वकिलांनी माझ्या हातात दिली.

फोटोत आडवा पिकअप होता, पपया होत्या, गर्दी होती. रसवंतीची जाळी गुंडाळलेली होती, कारण इतक्या सकाळी ती उघडतच नाही. आणि गल्लीच्या तोंडापासून कारखान्याच्या रस्त्यापर्यंतचा अख्खा कोपरा झाकून, खांब ते जाळीची चौकट असा ताणून बांधलेला, फेटा घातलेला माझा नवरा हसत होता. तीस वर्षे विनाअपघात सेवा.

मी तो फ्लेक्स वर बांधायला सांगितला होता. वर भावी नगरसेवकाचा वाढदिवस होता, म्हणून बांधणाऱ्या पोरांनी माझा खाली, स्कूटीवरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधला. पण तो तसा बांधलाय हे मी आठवडाभर बघत होतेच की! रोज बघत होते. फ्लेक्स ही माझ्या लेखी बघायची वस्तू होती. त्याच्या पलीकडून काही येतं, ते कुणाला तरी बघायचं असतं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. दुसऱ्यांचे फ्लेक्स मला नेहमी घाण वाटायचे. आपला तो बाब्या.

त्या दिवशी घरी आले ती सरळ गच्चीवर गेले. अपघाताच्या संध्याकाळी रसवंतीवाल्याने तो फ्लेक्स सोडून, घडी करून आमच्या ओट्यावर आणून ठेवला होता. आमच्याकडे उतरवलेला फ्लेक्स कोणी टाकून देत नाही. मीही दिला नव्हता, पालथा घालून त्याच्यावर मिरच्या वाळवत होते. मिरच्या बाजूला केल्या, फ्लेक्स उलटला. रंग उडाला होता, चेहऱ्यावर घड्या पडल्या होत्या, अक्षरं मात्र शाबूत होती.

खाली येऊन ह्यांना विचारलं, “तुम्हले माहीत व्हतं?”

“हां.”

“मंग पोलिसले काबर नही सांगं?”

त्यांनी कुबडीचं रबर चाचपलं. “काय सांगू? बायकोनी मन्हा फोटो लावा म्हनीसन मी पडनू?”

मला इतका राग आला की तो कुणावर काढावा तेच समजेना. हा माणूस वर्षभर लोकांचं ऐकत ओट्यावर बसला, बिल्ला खणात टाकला, मला कचेऱ्या फिरू दिल्या, रसवंतीवाल्याला शिव्या खाऊ दिल्या, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आणि रसवंतीवालाही तसलाच. त्याने स्वतःच्या हातांनी फ्लेक्स सोडला होता, त्याला काय माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं. सगळे मला सांभाळून घेत होते, आणि मी मोठी गावाला जाब विचारायला निघाले होते. त्या दिवशी मी रडले, आणि रडताना पहिल्यांदा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना खांबाकडे बघितलं. त्याच जागी, त्याच उंचीवर भावी नगरसेवकाचा नवा फ्लेक्स. फ्लेक्सच्या मागून एक ट्रॅक्टर येत होता, तो मला फक्त ऐकू येत होता. माझं डोकं फिरलं. रसवंतीवाल्याकडून उसाचा कोयता मागितला आणि भर दुपारी, पर्स खांद्याला, मी त्या फ्लेक्सच्या चारही दोऱ्या कापल्या. फ्लेक्स खाली पडला. रसवंतीवाला म्हणाला, “बाई, तुम्हना हात ऊस कापाले लागनात वाटतं.” मग आम्ही दोघंही हसलो, आणि मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, रस प्या.

आणि मग चमत्कार झाला. ज्या नगरपालिकेला माझ्या अर्जांवर वर्षभर एक ओळ लिहायला जमलं नव्हतं, तिची नोटीस आठ दिवसांत घरी आली. मी नोटीस वाचली, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचली. ‘नगरपालिकेच्या हद्दीतील व ताब्यातील चौकामध्ये, नगरपालिकेच्या मालकीच्या खांबावर, नगरपालिकेच्या परवानगीने लावलेला फलक आपण बेकायदेशीरपणे काढून टाकला आहे, तरी खुलासा करावा.’

हद्द त्यांची, ताबा त्यांचा, खांब त्यांचा. अचानक सगळंच त्यांचं झालं होतं.

वकिलांनी नोटीस वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि चहा मागवला. “बाई,” ते म्हणाले, “नगरपालिकेने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. आता ताबा सिद्ध करायची गरजच उरली नाही.” मग चहा आल्यावर हळूच म्हणाले, “आता राहिला तो तुमचा फ्लेक्स. उलटतपासणीत विचारतील कोणी लावला. त्याच्यावर मित्रमंडळाचं नाव आहे. मंडळाची नोंदणी नाही, काही नाही. कोणाला धरणार? मंडळाने लावला म्हणा. कोपरा झाकला होता हे त्यांच्याच फोटोने सिद्ध होतं, आणि तुमच्यावर काही येत नाही.”

हे घरी सांगितलं तर ह्यांनाही तेच बरं वाटलं. नाहीतर दावाच काढून घे म्हणाले. “मन्हा पाय तर गयाच. आत्ते तुन्हं नाव कसाले?”

मी विचार केला नाही असं नाही. केला. मला शाळेत जायचं होतं, गावात राहायचं होतं. पण चौकाला धनी नाही म्हणून वर्षभर ज्यांच्या नावाने मी बोटं मोडली, ते दुसरं काय करत होते? आमचा नाही, त्यांचा आहे. आता मीही मंडळाकडे बोट दाखवलं की त्या अभियंत्याच्या शेजारची खुर्ची मला द्यायला हरकत नव्हती. शिवाय फ्लेक्सला धनी मिळाला नाही, तर फिरून ती हयगय पुन्हा ह्यांच्याच अंगावर येऊन बसणार होती. तिला बसायला कोणीतरी लागतंच.

तारखेच्या दिवशी हे आले, कुबडी घेऊन, मागच्या बाकावर बसले. मी शपथ घेतली. नगरपालिकेच्या वकिलाने फोटो पुढे धरला.

“हा फलक कोणी लावला?”

“मी.”

त्याने कागदातून मान वर केली. त्याच्या हातातला पुढचा प्रश्न मंडळाबद्दलचा असावा. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

“म्हणजे अपघाताची जबाबदारी तुम्ही घेता?”

“माझ्या वाटणीची घेते,” मी म्हटलं. माझा वर्गातला आवाज लागला, तो मला आवरता आला नाही. “तो मी तिथे लावला, ती माझी चूक. तुमच्या चौकात, तुमच्या खांबावर तो आठवडाभर राहिला आणि तुम्ही उतरवला नाही, ती तुमची चूक. तुमचा आहे हे तुम्हीच मला लिहून दिलंय. ह्या दोन्हींत ह्यांची हयगय कुठे बसते ते मला दाखवा.”

न्यायाधीशांनी मला प्रश्नापुरतंच बोलायला बजावलं. पण बोललेलं उतरवून घेतलं गेलं. टायपिस्ट ‘हयगय’ लिहीपर्यंत मी थांबले होते.

निकाल अजून लागायचा आहे. पुढची तारीख पडली आहे, त्याच्या पुढचीही पडेल. खांब सध्या मोकळा आहे, कारण बाई कोयता घेऊन येते अशी माझी ख्याती झाली आहे. गतिरोधक अजून नाही.

त्या दिवशी कोर्टातून आम्ही रिक्षाने परत आलो. चौक आला तशी ह्यांनी सवयीने आधी उजवीकडे, मग डावीकडे मान फिरवली. कारखान्याचा रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसत होता. माझा राग अजून शिल्लक होता. मी म्हटलं, “वरीसभर मुका बसनात. पहिलेच सांगतात तर?”

“सांगेल व्हतं,” ते म्हणाले.

“कव्हय?”

“लावाना आधी. चौकमा नको, घर आंगे लाव.” त्यांनी खांबाकडे बोट केलं. “मी काई लाजत नव्हतू. तठे कोपरा झाकाई जास, म्हनीसन सांगेल व्हतं.”

तीस वर्षं त्यांच्या नजरेच्या भरवशावर माणसं घाटात डुलक्या घेत होती. मी मात्र त्यांचं पुरतं वाक्यही ऐकून घेतलं नव्हतं. रिक्षा आमच्या दारात थांबली तरी मला उतरायचं सुचलं नाही.